न्याय्य वेतनाचे कैवारी : मोन्सिन्योर जॉन रायन

अमेरिकेच्या राज्यघटनेने नागरिकांना दिलेल्या हक्कांचा विषय निघाला की धर्मस्वातंत्र्य, भाषणस्वातंत्र्य किंवा शस्त्र बाळगण्याचा हक्क यांची चर्चा होते. परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या देशात मोठा वाद झडला तो एका वेगळ्याच स्वातंत्र्यावरून. त्याचे नाव होते कराराचे स्वातंत्र्य. मालकाने किती वेतन द्यावे आणि कामगाराने किती तास राबावे हे त्या दोघांनीच ठरवावे. सरकारने मध्ये पडणे म्हणजे दोघांच्याही घटनादत्त स्वातंत्र्यावर घाला घालणे होय, अशी त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची बरीच वर्षे धारणा होती. या धारणेविरुद्ध उभे आयुष्य लेखणी आणि वाणी झिजवणाऱ्या एका कॅथलिक धर्मगुरूची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत. व्यक्तीचे हक्क आणि समाजाचे हित यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न त्यांच्या जीवनात पुनःपुन्हा उभा राहिला. प्रत्येक वेळी त्यांचे उत्तर अचूक ठरले असे नव्हे. तरीही त्यांचे जीवन आपणांस बरेच काही शिकवून जाते.

जॉन ऑगस्टिन रायन यांचा जन्म २५ मे १८६९ रोजी मिनेसोटा राज्यातील डकोटा परगण्यात, व्हर्मिलियन या खेड्यात झाला. आईवडील आयर्लंडहून आलेले, शेतीवर गुजराण करणारे. रेल्वे कंपन्यांचे भाडे आणि सावकारांचे व्याज यांच्या कात्रीत सापडलेला शेतकरी त्या काळी संघटित होऊ लागला होता आणि जॉनचे वडील शेतकऱ्यांच्या अशाच एका संघटनेचे सभासद होते. घरी आयरिश लोकांचे एक वृत्तपत्र येत असे. त्यातून जमीन, मजुरी आणि मक्तेदारी यांवरचे लेख हा मुलगा लहानपणापासून वाचत होता. गरिबी ही केवळ नशिबाची गोष्ट नसून तिच्यामागे माणसांनी केलेल्या व्यवस्था असतात, हे त्याला पाठ्यपुस्तकाआधी शेताच्या बांधावर उमगले.

याच डकोटा परगण्यात तीन वर्षे आधी, १७ मार्च १८६६ रोजी, आणखी एका आयरिश कॅथलिक स्थलांतरिताच्या घरी एक मुलगा जन्मला होता. त्याचे नाव पिअर्स बटलर. पुढे तो रेल्वे कंपन्यांचा नामांकित वकील झाला आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती. एकाच मातीतले आणि एकाच श्रद्धेचे हे दोघे या वादात मात्र परस्परविरोधी बाजूंना उभे राहिले. त्यांची गाठ आपणांस पुढे पडणार आहे.

धर्मगुरू होण्यासाठी जॉन सेंट पॉल येथील सेमिनरीत दाखल झाले. तेथे १८९४ मध्ये पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे १८९१ सालचे परिपत्रक त्यांच्या वाचनात आले. कामगाराला संघटनेचा हक्क आहे, काटकसरीने राहणाऱ्या माणसाचे पोट भरेल इतके वेतन त्याला मिळालेच पाहिजे आणि गरज पडल्यास राज्यसंस्थेने त्याच्या रक्षणासाठी पुढे यावे, ही शिकवण वाचून, शेतावर जे मनात साठले होते त्याला त्यांना धर्माचा आधार सापडला. १८९८ मध्ये आर्चबिशप जॉन आयर्लंड यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि उच्च शिक्षणासाठी ते राजधानी वॉशिंग्टन येथील कॅथलिक विद्यापीठात गेले. तेथे लिहिलेला त्यांचा प्रबंध १९०६ मध्ये ‘अ लिव्हिंग वेज’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. रिचर्ड इली या ख्यातनाम प्रॉटेस्टंट अर्थशास्त्रज्ञाने त्याला प्रस्तावना लिहिली, ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती.

या पुस्तकातील विचार थोडक्यात असा. परमेश्वराने पृथ्वीची संपत्ती सर्व मानवांसाठी निर्माण केली. म्हणून प्रत्येक माणसाला त्या संपत्तीतून माणसासारखे जगण्याइतका वाटा मिळण्याचा नैसर्गिक हक्क आहे. ज्याच्यापाशी श्रमाखेरीज काही नाही त्याच्या बाबतीत हा हक्क वेतनाच्या रूपानेच पुरा होऊ शकतो. म्हणून जगण्यापुरते वेतन हे मालकाने केलेले दान नसून ते त्याच्यावरील ऋण आहे. फादर रायन केवळ तत्त्व सांगून थांबले नाहीत. घरभाडे, अन्न, कपडे आणि आजारपण यांचा हिशेब मांडून अमेरिकन शहरातील कुटुंबाला वर्षाला किमान ६०० डॉलर मिळालेच पाहिजेत, असा आकडा त्यांनी दिला. नीतिशास्त्राच्या पुस्तकात बाजारभावांचे कोष्टक आले, हेच अनेकांना नवल वाटले असावे.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. समाजाच्या हितासाठी व्यक्तीचा हक्क बाजूला सारा, असे फादर रायन म्हणत नव्हते. त्यांच्या मते वेतन हाही व्यक्तीचाच हक्क होता. प्रश्न हक्क विरुद्ध समाजहित असा नसून कोणाच्या हक्काला राज्याने संरक्षण द्यायचे, असा होता. भुकेपोटी मजुराने कमी पैशांत काम करण्यास होकार दिला तर त्या होकाराला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. कारण एका बाजूला वाट पाहण्याची ऐपत असते आणि दुसऱ्या बाजूला ती नसते.

न्यायालयाचे मत मात्र वेगळे होते. आदल्याच वर्षी, १९०५ मध्ये, लॉकनर खटल्याचा निकाल लागला होता. बेकरीतील कामगारांना दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांपेक्षा अधिक राबवू नये, असा न्यूयॉर्क राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला. आधार घेतला तो घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा. ही दुरुस्ती १८६८ मध्ये, यादवी युद्धानंतर, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या रक्षणासाठी झाली होती. कायद्याच्या योग्य प्रक्रियेविना कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता राज्याने हिरावून घेऊ नये, असे ती सांगते. त्यातील स्वातंत्र्य या शब्दात न्यायालयाने कराराचे स्वातंत्र्य वाचले. दुबळ्यांसाठी उभारलेली भिंत अशा रीतीने बलवंतांच्या कामी आली.

फादर रायन १९०२ पासून सेंट पॉल सेमिनरीत नीतिशास्त्र शिकवीत होते. वर्गाबाहेरही ते स्वस्थ बसले नाहीत. फ्लॉरेन्स केली यांच्या राष्ट्रीय ग्राहक संघाबरोबर त्यांनी काम केले आणि १९१३ मध्ये मिनेसोटात स्त्रिया व अल्पवयीन कामगारांसाठी किमान वेतनाचा कायदा झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९१५ मध्ये ते कॅथलिक विद्यापीठात अध्यापक झाले. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन बिशपांच्या समितीने १२ फेब्रुवारी १९१९ रोजी सामाजिक पुनर्रचनेचा जो कार्यक्रम जाहीर केला, त्याचा मसुदा त्यांच्याच लेखणीतून उतरला होता. किमान वेतन, बालमजुरीला बंदी, बेकारी, आजारपण व वार्धक्य यांसाठी विमा, कामगार संघटनांना मान्यता आणि उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग अशा मागण्या त्यात होत्या. कारखानदारांच्या राष्ट्रीय संघटनेने कार्डिनल गिबन्स यांच्याकडे तक्रार केली. तरीही १९२० पासून फादर रायन बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेच्या सामाजिक कार्य विभागाचे प्रमुख झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. त्याच सुमारास ते अमेरिकन नागरी स्वातंत्र्य संघाच्या राष्ट्रीय समितीवरही आले. एकीकडे मालकाच्या स्वातंत्र्याला लगाम घालू पाहणारा हा धर्मगुरू दुसरीकडे नागरी स्वातंत्र्याची पाठराखण करीत होता. त्याला त्यात विसंगती दिसली नाही.

१९२३ साली कसोटीचा प्रसंग आला. वॉशिंग्टन शहरासाठी काँग्रेसने १९१८ मध्ये केलेल्या किमान वेतनाच्या कायद्याला आव्हान मिळाले. आव्हान देणाऱ्यांत एक इस्पितळ होते, तसेच एका हॉटेलात लिफ्ट चालवणारी २१ वर्षांची तरुणीही होती. तिला महिना ३५ डॉलर आणि दोन वेळचे जेवण मिळत असे. कायद्याने ठरवलेला दर यापेक्षा जास्त होता. तो देण्याऐवजी हॉटेलने तिला कामावरून कमी केले. मला ही नोकरी याच पगारावर हवी आहे, सरकार आड का येते, असे तिचे म्हणणे होते. या तरुणीचे दुःख खोटे नव्हते. चांगल्या हेतूने केलेला कायदाही कधी कधी ज्याच्यासाठी केला त्याच्याच पोटावर पाय देतो, हे सत्य समाजहिताची भाषा बोलणाऱ्यांनी विसरू नये. न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी कायदा रद्द केला. त्या पाच मतांत एक मत होते न्यायमूर्ती पिअर्स बटलर यांचे. काही महिन्यांपूर्वीच ते न्यायासनावर बसले होते. डकोटा परगण्याचे दोन सुपुत्र आता समोरासमोर आले.

या कथेत एकाला सज्जन आणि दुसऱ्याला दुर्जन ठरवणे सोपे आहे. पण इतिहास इतका सोपा नसतो. १९२२ मध्ये ऑरेगन राज्यात जनमताने एक कायदा झाला. प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे, असे त्याने बंधन घातले. कू क्लक्स क्लान या द्वेषपंथी संघटनेचा त्याला पाठिंबा होता आणि रोख उघडपणे कॅथलिक शाळांवर होता. सर्व मुले एकाच शाळेत घडली तर राष्ट्र एकसंध होईल, अशी समाजहिताची ढाल पुढे करण्यात आली होती. येशू व मरिया यांच्या पवित्र नावांच्या भगिनींनी न्यायालयात दाद मागितली. १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की मुलाला कोठे शिकवावे हे ठरवण्याचे आईवडिलांचे स्वातंत्र्य राज्य हिरावून घेऊ शकत नाही. आधार कोणता? तीच चौदावी दुरुस्ती, तोच स्वातंत्र्य हा शब्द. ज्या शस्त्राने कामगारांचा कायदा कापला, त्याच शस्त्राने कॅथलिक शाळा वाचवल्या.

दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, नाण्याची दुसरी बाजू अधिक भीषण स्वरूपात दिसली. मतिमंद ठरवलेल्या व्यक्तींची सक्तीने नसबंदी करण्याचा व्हर्जिनिया राज्याचा कायदा न्यायालयाने वैध ठरवला. पुढची पिढी सुदृढ व्हावी, हे कारण देण्यात आले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स हे लॉकनर खटल्यात आणि १९२३ च्या वेतन खटल्यात कामगार कायद्यांच्या बाजूने उभे राहिलेले, पुरोगाम्यांना प्रिय असलेले न्यायमूर्ती होते. आठ न्यायमूर्ती एका बाजूला गेले. एकट्यानेच विरोधी मत दिले, ते पिअर्स बटलर यांनी. फादर रायन यांनीही सक्तीच्या नसबंदीला विरोध केला. येथे दोघांची मते जुळली. समाजाचे हित म्हणजे बहुसंख्यांची सोय नव्हे. ज्या हितातून सर्वांत दुबळी व्यक्ती वगळली जाते ते समाजाचे हितच नव्हे, ही कॅथलिक शिकवण दोघांनाही मान्य होती. फरक एवढाच की फादर रायन यांना दुबळ्या व्यक्तीला चिरडणारी दोन चाके दिसत होती: एक राज्यसत्तेचे आणि दुसरे धनसत्तेचे.

स्वतः फादर रायन यांनाही एक मोठी मर्यादा होती. १९२२ मध्ये त्यांनी एका येशूसंघीय धर्मगुरूच्या साहाय्याने राज्य आणि ख्रिस्तसभा या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या देशात जवळजवळ सर्व प्रजा कॅथलिक असेल, तेथे राज्याने कॅथलिक धर्माला विशेष स्थान द्यावे व इतर पंथांच्या प्रचारावर मर्यादा घालता येतील, ही त्या वेळची रूढ मांडणी त्यांनी त्यात पुढे केली. अमेरिकेत तशी स्थिती येणार नाही, अशी पुस्तीही जोडली. पण अल्पसंख्य असताना स्वातंत्र्य मागायचे आणि बहुसंख्य झाल्यावर ते इतरांना नाकारायचे, असाच त्याचा अर्थ शेजाऱ्यांनी घेतला. १९२७ मध्ये एका प्रॉटेस्टंट वकिलाने न्यूयॉर्कचे कॅथलिक गव्हर्नर अल स्मिथ यांना नियतकालिकातून जाहीर पत्र लिहिले, त्यात या ग्रंथाचाही आधार घेतला. १९२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत स्मिथ पराभूत झाले. त्यांच्या धर्मावरून उठलेले वादळ हे त्यामागचे एक कारण होते. वेतनाच्या बाबतीत काळाच्या पुढे असलेले फादर रायन या बाबतीत काळाच्या चौकटीतच राहिले. ती चौकट पुढे येशूसंघीय धर्मगुरू जॉन कोर्टनी मरे यांच्यासारख्या विचारवंतांनी ओलांडली आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक मानवाचा हक्क असल्याची घोषणा केली.

स्वकीयांशी मतभेद पत्करण्याचे धैर्य मात्र त्यांच्यापाशी होते. १९२४ मध्ये बालमजुरीवर बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला देणारी घटनादुरुस्ती राज्यांच्या संमतीसाठी पाठवण्यात आली. बॉस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनी तिला कडाडून विरोध केला. मुलांवर आईवडिलांऐवजी सरकारचा ताबा येईल, अशी त्यांना भीती होती. ऑरेगनचा अनुभव ताजा असल्याने ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही. फादर रायन यांनी दुरुस्तीचे समर्थन केले. कार्डिनलांनी त्यांच्याविरुद्ध वरिष्ठांकडे तक्रार केली; तरी ते मागे हटले नाहीत. ती दुरुस्ती पुरेशा राज्यांनी कधीच संमत केली नाही.

१९२९ च्या महामंदीने सारे चित्र पालटले. १९३१ मध्ये पोप पायस अकरावे यांच्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या परिपत्रकाने सामाजिक न्यायाची शिकवण पुढे नेली. १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले. त्याच वर्षी फादर रायन यांना मोन्सिन्योर ही पदवी मिळाली. रूझवेल्ट यांच्या नव्या धोरणांत त्यांना १९१९ च्या कार्यक्रमाचे प्रतिबिंब दिसले. १९३६ च्या निवडणुकीत फादर चार्ल्स कॉफलिन हे रेडिओवरील लोकप्रिय वक्ते रूझवेल्ट यांना साम्यवादी ठरवून त्यांच्यावर तुटून पडले. तेव्हा ८ ऑक्टोबर रोजी मोन्सिन्योर रायन यांनी रेडिओवरूनच त्यांना उत्तर दिले. त्यानंतर त्यांच्याकडे पत्रांचा पाऊस पडला. त्यांतील बहुतांश पत्रे संतापाची होती आणि ती कॅथलिकांनीच लिहिलेली होती. धर्मगुरूने पक्षीय प्रचाराच्या व्यासपीठावर जावे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्तच होता. पुढच्या वर्षी न्यायमूर्तींची संख्या वाढवून न्यायालयाचे मत बदलण्याची रूझवेल्ट यांची योजना पुढे आली, तिलाही त्यांनी पाठिंबा दिला. इष्ट फळासाठी झाडाच्या मुळाला हात घालण्यातील धोका त्यांना पुरेसा जाणवला नाही, असे आम्हांस वाटते.

ती योजना बारगळली. पण तत्पूर्वीच न्यायालयाने आपली दिशा बदलली होती. वॉशिंग्टन राज्यातील एका हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या एल्सी पॅरिश यांनी कायद्याने ठरलेले वेतन, म्हणजे आठवड्याच्या ४८ तासांना १४.५० डॉलर, मिळावे म्हणून दावा लावला होता. २९ मार्च १९३७ रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १९२३ चा निर्णय मोडीत काढला. स्वातंत्र्य म्हणजे निर्बंधांचा अभाव नव्हे; समाजाच्या आरोग्य, सुरक्षितता व कल्याणास बाधा आणणाऱ्या गोष्टींपासून संरक्षण मिळणे हाही स्वातंत्र्याचाच भाग आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. बटलर अल्पमतात राहिले. १९३९ मध्ये ते निवर्तले. १९३८ मध्ये देशभरासाठी ताशी २५ सेंट किमान वेतनाचा कायदा झाला आणि त्यातच बालमजुरीला आळा बसला. या कायद्यातून शेतमजूर व घरकाम करणाऱ्या स्त्रिया वगळल्या गेल्या होत्या. त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. ज्यांच्यासाठी चौदावी दुरुस्ती झाली, त्यांचेच वंशज पुन्हा दाराबाहेर राहिले.

२० जानेवारी १९३७ रोजी रूझवेल्ट यांच्या शपथविधीच्या वेळी आशीर्वादाची प्रार्थना मोन्सिन्योर रायन यांनी केली. अमेरिकन अध्यक्षाच्या शपथविधीत तशी प्रार्थना करणारे ते पहिले कॅथलिक धर्मगुरू. १९४५ मध्ये हा मान त्यांना पुन्हा लाभला. १९३९ मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले होते. १६ सप्टेंबर १९४५ रोजी, ज्या सेंट पॉल नगरात त्यांचे शिक्षण झाले, तेथेच त्यांनी देह ठेवला.

या साऱ्या इतिहासाचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचतो. १९२३ च्या खटल्यात किमान वेतनाची बाजू मांडणारे वकील फेलिक्स फ्रँकफर्टर पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९४७ मध्ये भारताच्या संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव अमेरिकेत त्यांना भेटले. कायद्याच्या योग्य प्रक्रियेचे कलम न्यायाधीशांच्या हाती अवाजवी सत्ता देते, असा इशारा त्यांनी राव यांना दिला. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये ती शब्दयोजना टाळली गेली, त्यामागे हे एक कारण होते. शिवाय अनुच्छेद ४३ मध्ये कामगारांना निर्वाह वेतन मिळवून देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आले. परंतु आणीबाणीत, १९७६ साली, राज्याच्या नावाखाली व्यक्तीचे स्वातंत्र्य किती सहज गिळले जाते हे आपण पाहिले आणि १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ मधील प्रक्रिया न्याय्य व वाजवीच असली पाहिजे, असा निर्वाळा दिला. तराजूची दोन्ही पारडी अशी खालीवर होत राहतात. ती कायमची स्थिर करून देणारे कलम अद्याप कोणत्याही देशाच्या घटनाकारांना सापडलेले नाही.

म्हणूनच मोन्सिन्योर रायन यांचे जीवन आम्हांस मोलाचे वाटते. त्यांनी आपल्याला एक साधी कसोटी दिली. समोरच्याने होकार दिला, एवढ्यावर व्यवहार न्याय्य ठरत नाही; नकार देण्याची त्याची ऐपत होती काय, हे आधी विचारले पाहिजे. ही कसोटी केवळ न्यायाधीशांसाठी नाही. आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई, बागेत राबणारा मजूर, बांधकामावर विटा वाहणारी जोडपी, इतकेच काय, आपल्या धर्मग्रामांत आणि संस्थांत काम करणारे सेवक, हे सर्व आपण सांगू त्या पैशांत काम करतात. कारण त्यांना दुसरा मार्ग नसतो. त्यांच्या घरचे भाडे, धान्य, मुलांची फी आणि औषधपाणी यांचा हिशेब फादर रायन यांच्याप्रमाणे एकदा कागदावर मांडून पाहावा. तो आकडा आणि आपण देतो तो आकडा यांत जे अंतर निघेल, तेवढे आपले त्यांच्याकडील ऋण आहे.